उंबराखालचा झिरा

आमच्या नदीला आता बारा महिने पाणी असतं. हे ऐकून कुणाला बरं वाटलं असेल, तर त्याने मे महिन्यात बोरिवली आणि दहिसरच्या मधल्या त्या लहान पुलावर यावं आणि नाकाला रुमाल न लावता उभं राहून दाखवावं. आम्ही लहान होतो तेव्हा ही नदी पावसाळी होती. दिवाळीपर्यंत दमायची, नाताळाला घोट्याएवढी उरायची आणि ईस्टर उलटला की नुसती वाळू. आता ती आटत नाही. आटायला जे पाणी लागतं ते तिच्यात नाहीच. जे आहे ते तुमच्या-आमच्या मोऱ्यांतून येतं, आणि मोऱ्यांना कसला आलाय उन्हाळा!

या मे महिन्यात मी तिकडे गेले ती शेरिलच्या पाण्याला. शेरिल म्हणजे माझ्या मावसभावाची, डॉमनिकची, एकुलती एक मुलगी. आणि पाणी म्हणजे उंबराचं पाणी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आम्ही साष्टीतले जुने ख्रिस्ती. "म्हणजे गोव्याचे का?" असं कुणीतरी विचारतंच. नाही हो, इथलेच. तुमच्या टॉवरच्या खाली जे शेत होतं, ते आमचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, बँड लावून, हांडे घेऊन पाणी आणायला जातात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. बाकीच्या गावांतून विहिरीचं पाणी आणतात. आमच्या गावठणाची रीत वेगळी होती. आमचं पाणी नदीचं, तेही लग्नाच्या हंगामात, म्हणजे नदीत थेंब नसताना.

त्यासाठी झिरा खणायचा. नदीच्या काठावर एक उंबर होता, अजून आहे. उंबर असेल तिथे खाली पाणी असतं, हे गावातलं शेंबडं पोरदेखील सांगायचं. त्याच्या सावलीत, कोरड्या पात्रात, वाळू उकरायची. वरची वाळू तापलेली, पाय भाजायचे. हातभर खाली गेलं की ती गार लागायची, मग ओली, मग काळपट, आणि मग खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू डोळा उघडायचं. पहिलं पाणी गढूळ. ते करवंटीने उपसून टाकायचं. पुन्हा भरलं की पुन्हा उपसायचं. त्यानंतर जे साचायचं ते असं नितळ, की तळाची वाळू मोजून घ्यावी. त्या ओल्या वाळूला एक वास होता. मी नंतर पुष्कळ ठिकाणी राहिले, आता मुलुंडला, ही नदी ज्या डोंगरातून येते त्याच्या पलीकडच्या अंगाला राहते. तो वास मला कुठे भेटला नाही. उंबराची पिकलेली फळं खाली पडून फुटायची, त्यांचा आंबूस गोड वास त्यात मिसळायचा. वर बुलबुलांची भांडणं चाललेली. आणि मागे बँडवाले सावलीला बसून विड्या ओढत, आपापल्या पिपाण्या पुसत.

नदी म्हणजे पाणी, असं आजच्या मुलांना वाटतं. आमची नदी उन्हाळ्यात रस्ता होती. डोंगरातल्या पाड्यांवरच्या वारली बायका डोक्यावर मोळी, कडेवर करवंदांची टोपली घेऊन पात्रातूनच चालत यायच्या. आम्ही पात्रातूनच रविवारी मिस्साला जायचो. चपला हातात, लुगड्यांचे काठ वाळूवर लोळलेले, आणि कतरीन मावशी पुढे ओरडत चाललेली, "पाय उचला गो, मैताला चालल्या काय?"

ही कतरीन मावशी माझ्या आईची थोरली बहीण आणि डॉमनिकची आई. माझी आई मी लहान असतानाच गेली, मला मावशीनेच वाढवलं. मारलंही तिनेच, आणि फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, तळायला बसली की पहिला गरम फुगा ठेवायचीही माझ्याच हातावर. आता ती नव्वदीला टेकली आहे. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. आणि आमच्या रीतीत तिची जीभच महत्त्वाची.

कारण झिरा नितळला की लगेच हांडा भरायचा नाही. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने करवंटी बुडवून पहिला घोट घ्यायचा. तिच्याआधी कुणी ओठदेखील लावायचा नाही, पोरंसोरंही नाहीत. तिने घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, गिळायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गोड हाय!" ती असं म्हणाली की बँड वाजायचा. नाही म्हणाली तर नाही. मग नवरीचा बाप गावचा पाटील असला तरी गप उभा राहायचा.

ही रीत कुठून आली, याची एक गोष्ट मावशी सांगायची. फिरंगी आले, त्यांच्याबरोबर पाद्री आले, खाडीतून होडीने. दिवस उन्हाळ्याचे. पाद्रीबाबाला गावाला बाप्तिस्मा द्यायचा होता, तोही नदीत, त्याच्या पुस्तकात तसं असणार. नदीवर जाऊन बघतो तर वाळू! बिचारा झगा सावरत उन्हात उभा. तेव्हा आमच्या एका म्हातारीने उंबराखाली झिरा खणला आणि त्याला करवंटीत पाणी दिलं. तो घेईना. परक्या गावात, विष असलं तर? म्हणून म्हातारीने आधी स्वतः घोट घेतला आणि म्हणाली, गोड आहे. मग तो प्याला. आणि मग त्याच पाण्याने सगळ्या गावाची डोकी भिजवून त्याने आमची नावं बदलून टाकली.

"म्हंजे बघ," मावशी म्हणायची, "आपल्याच हातानं पानी काढून दिलं, आपनच चाखून दिलं, आन् आपनच बाटलो."

असं म्हणून ती हसायची आणि लगेच क्रूस करायची. देवावर तिचा राग नव्हता. पाद्र्यावरही नसावा. तिचं म्हणणं एवढंच होतं, की जिने पाणी दिलं तिने आधी ते स्वतःच्या पोटात घातलं. 'गोड' म्हणजे जामीन. मी प्यायले, आता तू पी.

ही गोष्ट खरी की खोटी, मला ठाऊक नाही. मी मराठी शाळेत शिकवायचे (ती शाळाही आता बंद पडली, जाऊ दे), तेव्हा मी मुलांना साष्टीचा इतिहास सांगायचे. हे मुळात बेट आहे म्हटलं की मुलं हसायची. बेट म्हणजे नारळाची झाडं आणि बोट, इथे तर टोलनाका आहे, बाई! त्यांना सांगायचे, मंडपेश्वरच्या लेण्यात महादेव होता, तिथे फिरंग्यांनी चर्च बसवलं. मग मराठे आले, मग साहेब आला. आता खाली महादेव परत आलाय आणि वर चर्चच्या बोडक्या भिंती उभ्या आहेत. साहेबाच्या राज्यात नोकऱ्या मिळाव्यात म्हणून आमच्यातल्या शहाण्यांनी त्याच्या कंपनीचं नाव लावून घेतलं, ईस्ट इंडियन. पश्चिम किनाऱ्यावरचे ईस्ट इंडियन! पत्ता चुकलेल्या पार्सलासारखे अजून तेच नाव घेऊन फिरतोय. साहेबाने डोंगरात बांध घालून तळी केली आणि पाणी शहराकडे नेलं. तळं भरून वाहिलं की उरलंसुरलं आमच्या नदीला. तरी तेवढ्यात तिचं भागत होतं. तक्रार करणाऱ्यातली नव्हती ती.

म्हणजे परके आले आणि गेले, ज्याने त्याने काहीतरी नेलं, पण वाळूखालचं पाणी कुणी नेलं नाही. ते दिसतच नव्हतं ना! ते संपवायला आपलीच माणसं लागली.

एकदा 'गोड' आलं नव्हतं, ते मला आठवतं. मी आठेक वर्षांची असेन. लग्न कुणाचं होतं ते विसरले. थोरली बाई म्हणजे तेव्हा मावशीची सासू, काटकुळी, कानात सोन्याच्या जड बाळ्या घालणारी. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकली. वर कुठेतरी एखादं ढोर मरून पडलं असणार. पुरुषांनी सदरे काढले, थोडं वरच्या अंगाला जाऊन दुसरा झिरा खणला. तिथलंही म्हातारीला पटेना. मग तिसरा. ऊन डोक्यावर आलं, बँडवाल्यांची ताडी संपली, नवरीकडचे पाहुणे उंबराखाली आडवे झाले. तिसऱ्या झिऱ्याचं पाणी तोंडात घेतल्यावर म्हातारीचा चेहरा सैल झाला. "गोड हाय गो!" आणि बँडवाला दचकून उठला आणि त्याने जे वाजवलं ते लग्नाचं नव्हतंच, घाईत मैताचाच सूर लावला मेल्याने! बायका हसून हसून वाळूत बसल्या.

तेव्हा दुसरा झिरा खणायला जागा होती. एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि सिनेमावाले. नदीवर तेव्हा शूटिंगं चालायची. एकदा त्यांना भरलेली नदी हवी होती आणि आले मार्च महिन्यात, उंटावरचे शहाणे. मग टँकर आणले, पात्रात एक खळगं केलं, त्यात पाणी ओतलं, हिरवीण त्यात पाय सोडून बसली. वाळूने पाणी पिऊन टाकलं. पुन्हा ओतलं. पुन्हा प्यायली. आम्ही सगळं गाव काठावर बसून टाळ्या पिटतोय. मावशी पोट धरून हसली होती. "येड्यांनो, वरून काय ओतता? खाली हाय की!"

माझं लग्न झालं तोवर नदीची वाट लागायला सुरुवात झाली होती. वरच्या अंगाला धुण्याचे धोंडे वाढले, तबेले आले, एका कसल्याशा कारखान्याचा पाइप आला. तरी झिरा खणला. वाळू खाली काळपट लागली, पण ती तर नेहमीच लागायची. पाणी आलं. नितळही झालं. मी मांडवाची हिरवी साडी नेसून उभी होते आणि मावशीकडे बघत होते. आई नव्हती, जे काय होतं ते मावशीच होती. तिने घोट घेतला. घोळवला. मला वाटतं, जरा जास्तच वेळ घोळवला. आणि म्हणाली, "गोड हाय!"

घरी आणून ते पाणी माझ्या डोक्यावर ओतलं तेव्हा केसांत फेस झाला. साबण कुणी लावलाच नव्हता. धुण्याच्या सोड्याचा वास, ओळखता येण्याइतका. बायका गाणी म्हणत होत्या, कुणाच्या लक्षात आलं की नाही देव जाणे. मी डोळे मिटून बसून राहिले.

लग्न टिकलं नाही. कारणं सांगत बसत नाही. पाण्याने लग्नं मोडत नसतात, एवढी अक्कल मला आहे. पण माणूस रागावला की अक्कल खुंटीला टांगतो. मी सामान घेऊन मावशीकडे परत आले, तेव्हा एका भांडणात मी तिच्या तोंडावर बोलले, "तू खोटं बोललीस. पाणी गोड नव्हतं. तुला चव कळली होती आणि तू खोटं बोललीस." मावशी तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही. सुपातला खडा काढून बाजूला ठेवला आणि पुढचा शोधायला लागली. मला शिवी चालली असती. ती गप्प बसली ते मला आजवर टोचत होतं. राग धरायला मी कमी नाही, हे माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर गावात पाणी कुणी आणलंच नाही. दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती आल्या, तळाशीही काँक्रीट पडलं. मुंबई बुडू नये म्हणून, असं सांगितलं. बुडत असेल बापडी. लग्नं हॉलवर व्हायला लागली आणि उंबराचं पाणी म्हणजे हॉलच्या नळाखाली हांडा धरून फोटो. नळाला कोण विचारणार, गोड आहेस की खारट?

आणि मग शेरिलने हट्ट धरला. लग्न करून ती कॅनडाला चालली आहे. हॉल ठरला, केक ठरला, आणि हिने आईबापांना सांगितलं, "मला पाणी उंबराखालचंच पाहिजे. ग्रॅनीने चाखलेलं."

डॉमनिकने मला फोन केला. "ताय, तूच समजाव तिला यार. माझं ऐकत नाय."

मी समजावलं, म्हणजे माझ्या पद्धतीने. "शेरिल, तिथे काँक्रीट आहे. खाली गटार आहे. मेलेल्या नदीला हळद कशाला लावता? बंद करा ही नाटकं."

ती म्हणाली, "आंटी, तुम्ही सगळ्या जणी सांगता, नदी अशी होती, नदी तशी होती. मला कधी दिलीत काय तुम्ही? एक दिवस तरी द्या ना."

मी म्हटलं, बरं, येते.

सकाळी गावठणात पोचले तेव्हा मावशी लुगडं नेसून खुर्चीत तयार बसली होती. लाल चौकडीचं, ठेवणीतलं. तिने मला जवळ बोलावलं, आणि मी वाकले तशी कानात म्हणाली, "डॉमूनं कायतरी करून ठेवलंय. मला सांगत नाय. मी पन ठरवलंय गो. जे तोंडात येल तेच सांगनार. आता मरायच्या येळेला खोटं नाय बोलनार."

"नकोच बोलू," मी म्हटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. होऊ दे एकदा. सगळ्यांदेखत होऊ दे. ती 'गोड नाही' म्हणेल, बँड वाजणार नाही, रिकामा हांडा घेऊन सगळ्या परत येतील आणि ही नदी मेली हे एकदाचं मोठ्याने बोललं जाईल. माझ्या वेळेला बोलायला हवं होतं ते या वेळेला तरी.

वाजतगाजत निघालो. मावशी रिक्षात, आम्ही पायी. मागे नवीन टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाईल काढून बघत होते, हे कोण, लग्न की मोर्चा. शेरिल लुगडं पहिल्यांदाच नेसली होती, दर दहा पावलांवर कासोटा चाचपत होती, हसत होती. गोड पोर आहे.

उंबर उभा आहे. भिंत घालताना त्याच्या नदीकडच्या मुळ्या कापल्या, आणि उरलेल्यांवर बुंध्यापर्यंत फरशा ठोकल्या. फळं अजून धरतो, फरशांवर पडून चिकट डाग होतात. भिंतीपलीकडे, खाली, नदी वाहत होती. मे महिन्यात! काळी, सावकाश, वर फेस घेऊन.

आणि उंबराखाली डॉमनिकचा झिरा होता. कपडे धुवायचा मोठा निळा टब, त्याच्याभोवती पांढरं कापड, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे. आत वाळू भरलेली, मध्ये खळगं केलेलं, आणि खळग्यात नितळ पाणी. डॉमनिक घामाने निथळत उभा होता, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत.

"कसा झालाय, ताय? पानी जारचं हाय, एकदम शुद्ध. काल सांजचं ओतून ठेवलं, थंड राहावं म्हणून. वाळू बाजूच्या साइटवरून आणली. झकास ना?"

मला टँकरवाले आठवले आणि त्या दिवशी पोट धरून हसणारी मावशी आठवली. डॉमनिक तेव्हा तिच्याच मांडीवर होता. मी नुसती मान डोलावली. रात्रभर खपला होता बिचारा लेकीसाठी.

मावशीला खुर्चीत बसवलं. बँड थांबला. करवंटी मी घासूनपुसून आणली होती, ती टबात बुडवून मावशीच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि घोट घेतला.

तिचा चेहरा बदलला ते मला जवळून दिसलं. ओठ आत गेले. ती थुंकली नाही, गिळलं तिने. मग डोळे उघडून टबातल्या वाळूकडे बघितलं, डॉमनिककडे बघितलं. तो तिच्याकडे असा बघत होता, जसा शाळेत पाटी दाखवायला आलेला पोरगा. मावशीने करवंटी माझ्यापुढे धरली.

"तू सांग," ती हळूच म्हणाली. "तुझी पाळी. माझ्यामागं थोरली तूच."

मला काही कळेना. जारचं पाणी, त्यात काय वाईट असणार? मी घोट घेतला.

खारट. मिठागरात तोंड घातल्यासारखं खारट. ती वाळू खाडीची होती. बिल्डरच्या साइटवर खाडीचीच रेती येते, न धुतलेली, आणि रात्रभर ते पाणी तिच्यात मुरलं होतं. सकाळी एकाने जरी बोट बुडवून जिभेला लावलं असतं! पण थोरल्या बाईच्या आधी चाखायचं नाही. नदी घालवली, वाळू घालवली, झिऱ्याची जागा घालवली, आणि सांभाळली काय, तर एवढी रीत.

तोंडात ते पाणी धरून मी उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते. हाच तो क्षण, जो मला इतकी वर्षं हवा होता. "गोड नाही" म्हणायचं, बस्स. व्हिडिओवाला मध्येच म्हणाला, "आंटी, जरा कॅमेरे की तरफ." बँडवाल्याने पिपाणी ओठाला लावून ठेवली होती.

आणि शेरिल. ती हांडा कडेवर धरून समोर उभी होती, माझ्यापासून दोन हातांवर. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या पोरीने आयुष्यात ती वाळू कधी पायाखाली घेतली नव्हती. दुसरा झिरा कुठे खणायचा, हे तिला मी काय सांगणार होते? भिंतीपलीकडे बोट दाखवणार होते?

मी गिळलं.

"गोड हाय!" मी म्हणाले. इतक्या मोठ्याने, की उंबरावरचे पक्षी उडाले.

बँड सुरू झाला. बायकांनी हसतओरडत हांडे टबात बुडवले, डॉमनिक रडत होता आणि हसत होता, शेरिलने येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या केसांना शांपूचा वास येत होता. थोड्या वेळाने त्याच केसांवर हे खारं पाणी ओतणार होते. ते केसांत चिकट होईल, आणि ती डोळे मिटून बसून राहील, आणि पुढे कधीतरी माझ्या तोंडावर येऊन विचारेल. विचारू दे.

मी करवंटी उपडी केली आणि मावशीजवळ जाऊन वाकले. तिला खुर्चीतून उठवायचं होतं. तिने माझ्या खांद्यावर हात टाकला, पण उठली नाही. बँडच्या गोंगाटात मला ऐकू यावं म्हणून तिने माझा कान तोंडाजवळ ओढला.

"तू पन त्या दिवशी अशीच बघत होतीस गो," ती म्हणाली. "माझ्याकडं."